पेन्सिलीतल्या बत्तीस नोंदी

नोटीस अप्पांच्या नावावर आली होती. 'श्री. यशवंत भानुदास कुलथे (मयत) यांचे वारस' असा पत्ता, वर निकषचं चिन्ह आणि खाली उत्तरासाठी एकवीस दिवसांची मुदत. अप्पांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. बँक, वीजमंडळ, गॅस एजन्सी, सगळीकडून त्यांचं नाव काढून झालं होतं. हे एक कार्यालय राहून गेलं असेल, असं समजून मी पाकीट दोन दिवस फ्रिजवर तसंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी उघडलं. निमटेक गावातल्या निरीक्षण विहिरीच्या ऑक्टोबर २००९ ते मे २०१७ या काळातल्या बत्तीस नोंदी प्रत्यक्ष मापनाच्या नसाव्यात, अशी शंका त्यात नोंदवली होती. विश्वासांक शंभरपैकी अडतीस.

मी हसले असं म्हणणार नाही, पण जवळजवळ हसलेच. आमच्या आळीत निम्म्या मुलांचे वाढदिवस एक जूनला येत. शाळेत एक वर्ष आधी घालता यावं म्हणून सगळेच वडील तशी तारीख लावत. माझा वाढदिवस तेवीस ऑगस्टला आहे, कारण मी तेवीस ऑगस्टला जन्मले. हेडमास्तरांनी समजावून पाहिलं, आईनं दोन दिवस अबोला धरला, पण अप्पांनी तारीख बदलली नाही. मी एक वर्ष घरी बसले आणि त्या वर्षात वाचायला शिकले. पुढे ग्रंथपाल झाले त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

हा माणूस आठ वर्षं खोटे आकडे लिहील, हे मला शक्य वाटलं नाही.

अप्पा भूजल खात्यात मापक होते. बालाघाटच्या डोंगराळ भागातल्या बावीस विहिरी, वर्षातून चार वेळा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. एकोणतीस वर्षं. पद्धत साधी. पोलादी टेपच्या टोकाला वजन लावायचं, शेवटच्या मीटरभर पट्टीला खडू फासायचा आणि कठड्यावर लाल रंगानं काढलेल्या बाणापाशी टेप धरून ती खाली सोडायची. वर ओढली की खडू जिथपर्यंत भिजून काळा झाला, तिथपर्यंत पाणी. शिरीष, माझा धाकटा भाऊ, आणि मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो. शिरीषकडे आरसा असायचा. उन्हाची तिरीप आरशानं विहिरीत टाकायची, म्हणजे टेप पाण्याला टेकलेली दिसते. माझ्याकडे वही. "पेननं लिहायचं," अप्पा सांगत. "पेन्सिलनं लिहिलेलं म्हणजे अजून ठरायचंय."

निकषबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ते सुरू झालं त्याच्या आधीच्या दहा-बारा वर्षांत खोटे कागद करणं फार स्वस्त झालं होतं. जुना सातबारा, जुनं छायाचित्र, ग्रामसभेचं जुनं इतिवृत्त, काहीही दोन मिनिटांत तयार होई, कागदाच्या पिवळेपणासकट. हे कागद वाचून शिकलेली यंत्रं त्यांवरून निष्कर्ष काढत आणि ते निष्कर्ष पुढच्या कागदांत पुरावा म्हणून येत. शेवटी अशी वेळ आली की पाणीवाटपाचे आराखडे कधी न पडलेल्या पावसावर बेतले जाऊ लागले. तेव्हा सरकारनं जुन्या सगळ्या नोंदी एका यंत्रणेपुढे ठेवल्या. कुठला आकडा माणसानं जागेवर उभं राहून घेतला आणि कुठला नाही, एवढंच तिनं सांगायचं.

निकष साक्षीदार मोजतं, पण डोकी मोजत नाही. दहा कागदांनी अकराव्या कागदावरून उतरवून घेतलं असेल, तर ते सगळे मिळून एकच साक्षीदार. मग ते खडकाला विचारतं. काळ्या पाषाणातल्या प्रत्येक विहिरीची पाऊस संपल्यावर आटण्याची स्वतःची चाल असते. एक रेंगाळत उतरते, एक धाडकन. शेजारच्या दोन विहिरींची चालही सहसा सारखी नसते. आणि सगळ्यात शेवटी ते बोलणाऱ्याची सोय बघतं. स्वतःच्या सोयीचं सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन कमी, गैरसोयीचं सांगणाऱ्याच्या शब्दाला जास्त. इतिहास वाचणारे हे पूर्वीपासून करत आले आहेत. मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. घरात नोटीस येईपर्यंत.

रविवारी सकाळी मी निकषला फोन लावला. आवाज मध्यमवयीन, घाई नसलेला.

"शंका कशावरून आली?" मी विचारलं.

"२००९च्या पावसाळ्यानंतर विहिरीची चाल बदलली. आधी ती मेपर्यंत हळूहळू उतरत असे. नंतर ती मार्चमध्येच तळ गाठू लागली."

"विहिरीत काही काम झालं असेल."

"शक्य आहे. वर चिंचेचं झाड असल्यामुळे उपग्रहाच्या चित्रांत ती जागा दिसत नाही. म्हणून माहितगार माणसाला विचारलं आहे."

"आणि नोंदी बनावट ठरल्या तर? बत्तीस काढून टाकाल?"

"मापकाचा अंक एकच असतो. श्री. कुलथे यांचा आज चौऱ्याण्णव आहे. तो साठच्या खाली गेला तर त्यांच्या सर्व नोंदी फक्त संदर्भापुरत्या राहतील. कुठल्याही आराखड्यात धरल्या जाणार नाहीत."

"सर्व म्हणजे किती?"

"दोन हजार पाचशे बावन्न."

मी आडव्या बोअरबद्दल विचारलं. हे मला अप्पांकडूनच माहीत होतं: विहिरीच्या तळाशी बाजूच्या खडकात आडवी छिद्रं मारतात, त्यातून पाणी येतं तसं निघूनही जातं. विहिरीची चाल त्यानं बदलते.

"तसं झालं असल्यास खुलासा पुरेसा ठरेल," निकष म्हणालं. "मसुदा लिहून पाहता येईल. पाठवेपर्यंत तो ग्राह्य धरला जात नाही."

मी लिहून पाहिलं. 'सन २००९मध्ये विहिरीत आडवे बोअर मारल्याचे वडिलांनी सांगितल्याचे आठवते.' अडतीसचे सहासष्ट झाले.

शिरीषला नाशिकला फोन केला. तो एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो आणि कुठल्याही यंत्राला आधी एक शिवी देतो.

"दे पाठवून," तो म्हणाला. "विषय संपव."

"बोअर मारलं होतं हे तुला माहीत आहे?"

"मारलं नव्हतं हे तुला माहीत आहे?"

"शिऱ्या, मला आठवत नाही. 'आठवतं' असं मी लिहिलंय."

"ताई, तू कादंबऱ्यांतल्या चोरांना समजून घेतेस, खुन्यांना समजून घेतेस. त्यांच्यावर मला तासतासभर ऐकवतेस. बापाला घे की जरा समजून."

"समजून घ्यायला त्यांनी आधी काही केलेलं असायला हवं."

तो म्हणाला, "तेच म्हणतोय. खणू नकोस."

अप्पांच्या वह्या लोखंडी ट्रंकेत होत्या. कार्यालयात जायची ती स्वच्छ उतरवलेली प्रत. या खिशातल्या, घामानं फुगलेल्या. प्रत्येक वर्षाची एक. मी २००९ची काढली. निळ्या शाईत सगळ्या विहिरी, तारीख, वेळ, टेप कुठे धरली, किती भिजली, वजाबाकी. ऑक्टोबरच्या पानावर एकवीस विहिरी शाईत होत्या. निमटेकची ओळ पेन्सिलीत.

पेन संपलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच दिवशी दुपारची पुढच्या गावची नोंद पुन्हा शाईत होती. मी २०१०ची वही घेतली, मग अकराची. मे २०१७पर्यंत निमटेक पेन्सिलीत होतं. आणि त्या ओळींत एक जादा वजाबाकी होती, दर वेळी तीच: दोन मीटर तीस. निकषकडे गेलेल्या स्वच्छ प्रतीत यातलं काहीच दिसत नव्हतं. तिथे सगळी शाई.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी निमटेकला गेले.

गाव टेकाडाच्या कुशीत आहे, चाळीस-पन्नास घरं. चिंचेचं झाड लांबूनच दिसलं. त्याच्या सावलीत एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. गयाबाई ढवळे, विहीर त्यांच्याच रानात होती, एवढं नोंदीत होतं. मी नाव सांगितलं.

"टेपवाल्या कुलथे सायबाची लेक व्हय तू? वही धरायचीस ती?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हातारी झालीस की गं. साहेब कसे हायेत?"

मी सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. उठता उठता म्हणाल्या, "चा ठिवते."

"आत्या, आधी विहीर बघू का? कुठे आहे?"

"उभी हाईस तिथंच व्हती."

मी खाली पाहिलं. गवत होतं, मधे दोन-चार घडीव दगड मातीतून वर आलेले.

"त्या वर्षी भादव्यात लई पानी झालं," गयाबाई सांगू लागल्या. "राती कठडा आन् एक बाजू आत गेली. पोरंढोरं पडतील म्हनून मालकांनी आठ दिवसांत बुजवून टाकली. मंग तुझा बाप आला टेप घिऊन. हितंच, तुझ्यावानी. बघत राहिला."

"मग काय म्हणाले?"

"म्हनले, विहीर न्हाई तर न्हाई लिहावं लागतं. आन् न्हाई लिहिलं की तुमचं गाव कोळथडीच्या विहिरीला जोडत्यात. आता कोळथडी कॅनॉलच्या पायथ्याला. तिथली विहीर जेठातबी तुडुंब. तिच्यावर आमचं पानी मापलं असतं, तर उन्हाळ्यात आमाला टँकर कोन देनार व्हतं? सगळं गाव गोळा झालं, पन कुनी पाया पडलं न्हाई का काही न्हाई, खोटं कशाला सांगू. नुसते बसून व्हते सगळे. त्यांनी चा बी घेतला न्हाई."

"आणि?"

"मंग विचारलं, शेजारची विहीर अजून धड हाय का. माझ्या दिराची दावली. चल, दावते."

दिराची विहीर दीडशे पावलांवर होती, उतारावर. कठड्यावर लाल बाण होता. ऊन-पावसानं कडा उडाल्या होत्या, पण मधला रंग जाड होता. एकावर एक दिलेले थर नखानं मोजता येण्यासारखे. वर्षातून एकदा अप्पा बाण रंगवत. मी त्याच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

वजाबाकीही समजली. दिराची विहीर उताराला, तिचं पाणी गयाबाईंच्या विहिरीपेक्षा दोन मीटर तीसनं वेगळं. दोन्ही विहिरी शाबूत असताना अप्पांनी कधीतरी ते ताडून ठेवलं असणार. त्यांच्या स्वभावातच होतं ते.

"दुसऱ्या खेपेला आले," गयाबाई म्हणाल्या, "तवा मला म्हनले, गयाबाई, तुमच्या गावापायी मी बिघडलो."

"हसत म्हणाले?"

"न्हाई. हसत न्हवते." त्यांनी पदर नीट केला. "दर वर्षी वरच्या सायबाला अर्ज करायचे, निमटेकला नवी विहीर धरा म्हनून. आठ वर्सं. मंजूर झाली त्या दिशी मातूर चा घेतला. दोन कप."

मी त्यांना नोटिशीचं सांगितलं. यंत्र अप्पांना काय विचारतंय, ते.

"मंग सांग की त्याला," त्या म्हणाल्या. "पानी व्हतं तेबी खरं, न्हवतं तेबी खरं. फकस्त हीर दुसरी. एवढं कळत न्हाई व्हय त्याला?"

कळेल, मी म्हटलं. अडचण तीच होती.

घरी आल्यावर मसुदा उघडला. आडवं बोअर, सहासष्ट. एक बोट लावलं की मसुदा गेला असता. निमटेकच्या जमिनीखाली आता कोणी बघायला जाणार नव्हतं, आणि गयाबाई सोडल्या तर सांगणारंही फारसं कोणी उरलं नव्हतं. गावाचंही नुकसान नव्हतं; त्यांची नवी विहीर होती, नळ होता. नुकसान होणार होतं ते फक्त खरं सांगितलं तर, आणि फक्त एका माणसाचं, जो आता नव्हता.

मी बराच वेळ पेन्सिलीच्या ओळी बघत बसले. खोडायचं असतं तर खोडता आलं असतं. निवृत्तीनंतर बावीस वर्षं त्या वह्या त्यांच्या पलंगाखाली होत्या, खोडरबर टेबलावर होतं. पेन फिरवून शाईत करणंही जमलं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. ट्रंकेला कुलूपसुद्धा लावलं नाही.

मसुदा पुसला. निकषला सगळं सांगितलं: विहीर कधी ढासळली, माप कुठल्या कठड्यावरून घेतलं, किती वजा केलं. वह्यांची पानं पाठवली, बाणाचं छायाचित्र पाठवलं.

"हे निवेदन तुमच्या वडिलांच्या अंकाला बाधक आहे," निकष म्हणालं. "तुम्ही वारस असल्यामुळे त्याला अधिक वजन मिळेल. पाठवायचं?"

"आधी एक विचारते. ते खोटं बोलले का?"

"नोंद जिथली म्हणून लिहिली तिथली नाही, एवढं ठरवता येतं. तुम्ही विचारलेलं ठरवण्याची सोय इथे नाही."

"का केलं, त्याला जागा आहे?"

"शेरा आहे. दोनशे अक्षरं. तो अंकात धरला जात नाही."

मी शेरा लिहिला. 'विहीर ढासळली होती. गावाला उन्हाळ्यात पाणी हवे होते. नव्या विहिरीसाठी दर वर्षी अर्ज केला. दरम्यान जवळच्या विहिरीचे खरे माप घेतले.' जागा उरली होती. आणखी काही सुचलं नाही. पाठवलं.

नऊ दिवसांनी निकाल आला. बत्तीस नोंदी निमटेकच्या विहिरीवरून काढून, वजा केलेले दोन मीटर तीस परत मिळवून, ढवळ्यांच्या उताराच्या विहिरीच्या नावावर टाकल्या होत्या. तिथे त्यांना अठ्ठ्याऐंशी अंक मिळाला. मापकाचा अंक चौऱ्याण्णववरून सत्तावन्न झाला. उरलेल्या दोन हजार पाचशे वीस नोंदी संदर्भापुरत्या.

शिरीषला कळवलं. मला वाटलं तो चिडेल.

"सत्तावन्न," तो म्हणाला. "दहावीला मला पडले होते तेवढेच टक्के. अप्पा आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

"आठवतंय."

"तीन मार्कांनी गेलं की गं," तो म्हणाला. "मी सांगत होतो तुला."

"हो. सांगत होतास."

"गेले ते गेले, आता कामही गेलं त्यांचं. तुला बरं वाटलं ना पण?"

बरं वाटलं नव्हतं, आणि ते मी त्याला सांगितलं. त्याच्याकडे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. मग मी त्याला निकालाचं शेवटचं पान वाचून दाखवलं. फेरतपासणीची एक वाट होती. त्याच विहिरींवर, त्याच खुणेपासून, त्याच पद्धतीनं कोणी नवी मापं घेतली आणि ती जुन्या मापांच्या चालीशी जुळली, तर जुन्या नोंदींना त्यांचा आधार धरता येतो. किमान दोन वर्षं. यंत्रानं घेतलेली मापं चालत नाहीत. खूण, टेप आणि माणूस लागतो.

"बावीस विहिरी?" शिरीष म्हणाला.

"तेवीस. बुजलेलीच्या जागी नवी आहेच, शिवाय ढवळ्यांची आता यादीत आली."

"तुझे गुडघे बघ आधी." आणि फोन ठेवला.

ऑक्टोबरच्या फेरीसाठी मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा घेतली. अप्पांची टेप तेलानं पुसली. खडूची पेटी ट्रंकेतच होती. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शिरीष नाशिकहून आला, काही न कळवता. जेवताना अप्पांचा विषय कोणी काढला नाही. सकाळी गाडीत बसताना पाहिलं, तर त्यानं न्हाणीघरातला दाढीचा आरसा भिंतीवरून काढून घेतला होता.

सुरुवात निमटेकच्या उतारावरच्या विहिरीपासून केली. गयाबाई कठड्यापाशी येऊन बसल्या होत्या. मी पट्टीला खडू फासला, वजन सोडलं आणि बारा मीटरची खूण लाल बाणावर धरली.

"दिसत नाही काही," मी म्हटलं. "डावीकडे घे."

"तुझ्या डावीकडे का माझ्या?"

"विहिरीच्या."

"विहिरीला डावी बाजू असते?"

"शिऱ्या, आरसा धर."

"पोरावानी भांडत्यात," गयाबाई कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाल्या.

तिरीप भिंतीवरून खाली सरकली, एका फटीतल्या नेच्यावर थांबली, आणि तळाशी टेप पाण्याला टेकलेली दिसली. मी ओढून घेतली. खडू त्रेसष्ट सेंटिमीटरपर्यंत काळा झाला होता. बारातून त्रेसष्ट गेले, अकरा मीटर सदतीस. शिरीषनं स्वतः पट्टी वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि मान हलवली.

निकषच्या पानावर आकडा भरला. त्यानं विहीर ओळखली, बाणाचं छायाचित्र जुळवलं, वेळ घेतली. मापकाच्या नावापुढे मी माझं नाव लिहिलं: मंजिरी यशवंत कुलथे. त्याच्यापुढे उत्तर आलं, 'पहिली नोंद. विश्वासांक अद्याप नाही.'

नवी वही गुडघ्यावर उघडली. शिरीष खिसे चाचपत म्हणाला, "पेन्सिल चालेल का? माझ्याकडे तीच आहे."

"नको," मी म्हटलं, आणि पर्समधून पेन काढलं.